अस्वलाच्या मानेवरची खाच

गाडीचा प्रकार: गाडी नाही. फायबरचं अस्वल आहे, माणसाहून उंच. जंगल वाचवणाऱ्या संस्थेने ते आमच्या गॅरेजात रंगवायला दिलंय. उद्या सकाळी ते चौकात उभं राहणार.

केलेलं काम: मानेभोवती खोल खाच होती. पेंटरकाकांनी तिच्यात पुट्टी भरली, घासून सपाट केली आणि वर निळा रंग मारला.

तक्रार: अस्वल घडवणारी बाई आली आणि त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिली.

"काका, इथली खाच?"

"बुजवली. कुठे होती ते ओळखून दाखवा."

"तारेच्या फासाची होती ती. ही मादी मी पाहिलीय. फास काढल्यावर पाच दिवस जगली. लोकांना तेवढंच दिसायला हवं होतं."

काका स्टुलावर बसले. "तीस वर्षं गाड्यांचे पोचे काढतोय, ताई. एखादा ठेवायचाही असतो, हे माहीत नव्हतं."

"मीच सांगायला हवं होतं."

"किती खोल होती?"

तिने करंगळीचं पेर दाखवलं.

दुरुस्ती: मी म्हटलं, "ग्राइंडर मारा काका, पाच मिनिटांचं काम."

"तुझ्या मानेवर मारू का आधी?"

त्यांनी बारीक कानस घेतली. दोनदा घासायचे, फुंकर मारायचे, बाईला विचारायचे, पुन्हा घासायचे. संध्याकाळ झाली. दुसरा हात त्यांनी सगळा वेळ अस्वलाच्या कपाळावर ठेवला होता.