चार मात्रांची जागा

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा आलाय, आणि माझ्या अंगावर जितकी थुंकी उडाली असेल तितकी कुणाच्या वैऱ्याच्याही वाट्याला आली नसेल. रागाने नव्हे हो. माझं कामच तसं होतं.

केसाइतक्या बारीक तारेचं वेटोळं आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा, एवढाच माझा जीव. कारखान्यातून निघालो तो थेट टीव्हीच्या स्टुडिओत आलो. खोलीला खिडकी नव्हती, भिंतींना करडा स्पंज होता. तिथे एक ताई मुलांना नुसत्या तोंडाने ठेका धरायला शिकवायची. मिटलेले ओठ फुटले की ‘धुम्’, दातांतून हवा सुटली की ‘त्स’, जीभ टाळूवरून निसटली की ‘क’. सगळे तिला ठेकाताईच म्हणत. आवाज टिपणारे काका दर सोमवारी माझी स्पंजची टोपी साबणाने धुऊन वाळत घालत. स्वतःचे मोजेही आपण इतक्या मायेने धुतले नाहीत, असं म्हणत.

ताईची एक पद्धत होती. ठेका वाजवून ती म्हणे, “आता तुम्ही.” मग चार मात्रा गप्प. घरोघरची मुलं वाजवतील म्हणून सोडलेली ती जागा. तेवढा वेळ स्टुडिओत कुणी खुर्चीसुद्धा हलवत नसे.

तिसऱ्या वर्षी त्या जागेत मला उत्तर ऐकू आलं.

धुम्, त्स... आणि मग अडखळ. लहान मूल होतं. पुढचा दात पडलेला असावा, कारण ‘त्स’ला शीळ येत होती. माझ्या पडद्याला त्याचा श्वास लागला, कोमट, ओलसर. समोर मात्र कुणी नव्हतं. काकांनी हेडफोन काढला, पुन्हा लावला. टेबलाखाली पाहिलं, दाराबाहेर पाहिलं, मला उघडून पुसलं. दुसरा माईक लावला तर काहीच नाही. मी परत आलो, तर तेही परत आलं. काकांनी आता कानांना पेन्शन द्यावी, असं म्हणून दिग्दर्शक हसले.

मग ताईने हेडफोन लावला. तिचा चेहरा पांढरा पडला. पण हाडाची मास्तरीण ती. पुढच्या भागात ती कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, “घाई होतेय, बाळा. जीभ आधी टाळूला टेकव.”

त्या मुलाने ऐकलं. दर आठवड्याला ते थोडं थोडं पुढे सरकत होतं, फक्त तिसऱ्या मात्रेचा ‘क’ काही केल्या सुटेना. तेवढ्यात कार्यक्रम बंद होणार असल्याचं कळलं. त्यात दिग्दर्शकांनी ठरवलं, की उरलेल्या भागांत त्या जागी तयार टाळ्या भरायच्या. टीव्हीवर शांतता झाली की लोक चॅनल बदलतात, असं त्यांचं म्हणणं.

“टाळ्या कुठेही भरा,” ताई म्हणाली. “शेवटच्या भागातली एक जागा मला द्या. त्याचा एक ‘क’ राहिलाय.”

कुणाचा, असं दिग्दर्शकांनी विचारलं. काका खाली मान घालून माझी टोपी नीट करत राहिले. शेवटी दिग्दर्शकांनी एक जागा दिली, उपकार केल्यासारखी.

शेवटचा भाग. ताईने ठेका वाजवला. “आता तुम्ही.”

धुम्, त्स, क, त्स. लख्ख.

ताईने ओढणीने डोळे टिपले. काकांनी मात्र हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला, कारण ते मूल थांबलं नव्हतं. त्याने एक नवाच ठेका वाजवला, आम्ही कुणीही न शिकवलेला. आणि मग ते गप्प झालं. आता आमची पाळी होती.

काकांनी ताईला खूण केली. तिने ओठ मिटले, आणि दुसऱ्याच मात्रेला दिग्दर्शक म्हणाले, “कट.” दिवे गेले. माझी वायर निघाली.

आता मी एका कपाटात आहे, टोपीशिवाय. वायर नाही, तरी मला ऐकू येतं. ते मूल तोच ठेका वाजवतं आणि थांबतं. पुन्हा वाजवतं, पुन्हा थांबतं. मी फक्त ऐकू शकतो. वाजवायला मला तोंड नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून, झाकून ठेवत जा, ते तर आहेच. पण कुणी तुमच्यासाठी चार मात्रा गप्प बसलं, तर ती जागा रिकामी जाऊ देऊ नका. तुम्हाला तोंड आहे.

हे बघा, ते आत्ताच थांबलंय.