थंडोबाची ऊब

गल्लीत त्यांना थंडोबा म्हणत, पण ते काही स्वभावावरून नव्हे. स्वभाव उलट तापट, नाकावर माशी बसू देत नसत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे फ्रिज दुरुस्त केले होते आणि आसपासच्या चार गल्ल्यांत ज्याच्या घरी बर्फ जमत होता, तो थंडोबांच्या कृपेने जमत होता. काम झालं की फ्रिजच्या दारावर ते स्वतः छापून घेतलेली पिवळी चिठ्ठी चिकटवत: 'दार विनाकारण उघडू नये.' वर पाच मिनिटांचं व्याख्यान. ते ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नसे.

गेल्या वर्षी मात्र आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरचा एक जोड नीट आवळायचा राहिला. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायऱ्यांवरून गुलाबी ओघळ रस्त्यावर आला आणि गल्लीतली कुत्री आठवडाभर तिथून हलली नाहीत. मुलगा दुरुस्तीचं दुकान सांभाळत होताच. तो हळूच म्हणाला, "बाबा, आता तुम्ही घरी आराम करा." थंडोबांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली आणि आराम करायला बसले. आराम इतका वाईट असतो हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं.

त्यांची मुलगी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिने घरात एक पाल पाळली होती. भिंतीवरची नव्हे, काचेच्या पेटीत राहणारी, पिवळ्या अंगावर काळे ठिपके, मुळ्यासारखी जाड शेपटी आणि कायम हसल्यासारखं तोंड. तिचं नाव ठिपकी. थंडोबांची बायको त्या पेटीपासून चार हात लांब राही. "लोकांच्या मुली मांजर पाळतात," ती म्हणे, "आमच्या नशिबी ही आली."

एका संध्याकाळी मुलगी बाबांसमोर येऊन बसली. हातात झाकणाचा डबा, आत ओलसर भुसा आणि भुशात अर्धी रुतलेली ठिपकीची दोन पांढरी अंडी. दोन्हींवर पेन्सिलीने बारीक टिंब.

"हे टिंब कशाला?"

"वरची बाजू कळायला. ही कोंबडीची नाहीत बाबा, फिरवली की आतलं पिल्लू मरतं. ठेवली तशी शेवटपर्यंत राहायला हवीत." मग जरा थांबून ती म्हणाली, "गेल्या खेपेची विकतच्या उबवायच्या पेटीत शिजली. त्याआधीचीही. डॉक्टर म्हणतात ठिपकीचं वय झालं, आता ती पुन्हा अंडी घालायची नाही. ही शेवटची. मला पेटी करून द्याल? अठ्ठावीस अंश, दोन महिने. वर नाही, खाली नाही."

"दादाला नाही विचारलंस?"

"नाही. तुम्हालाच विचारतेय."

थंडोबा उठले. पलंगाखाली वाकले आणि हत्यारांची पेटी ओढून काढली. वर्षाची धूळ बसली होती तिच्यावर.

मागच्या अंगणात एक मेलेला छोटा फ्रिज पडला होता. थंडोबांनी तो धुतला, आत तापणारी वायर फिरवली, तापमान गाठलं की वायर बंद करणारं यंत्र बसवलं, हवा खेळायला बोटभर पंखा लावला आणि मधल्या फळीवर तापमापक ठेवला. जन्मभर थंड करणाऱ्या माणसाने ऊब करायला घेतली होती. डबा आत गेला. काटा अठ्ठावीसवर आला तेव्हा त्यांनी बायकोकडे असं पाहिलं की तिला वाटलं, आता हे स्वतःच अंड्यांवर बसणार.

तासाभराने पाहिलं तर सव्वीस. जरा वेळाने एकतीस. मग सत्तावीस, मग तीस. थंडोबांनी यंत्र बदललं. दाराचं रबर बदललं. वायर पुन्हा फिरवली, तीही डब्याला धक्का न लावता, श्वास रोखून. तरी काटा माकडासारखा वरखाली. मनात शंकेची पाल चुकचुकू लागली. घरात आधीच एक होती, त्यात ही दुसरी. झोपेत त्यांना गुलाबी ओघळ दिसे.

नवव्या दिवशी मुलीने डबा न हलवता अंड्यांवर बारीक टॉर्च धरला. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं. "जिवंत आहेत," ती म्हणाली, आणि मग तिची नजर तापमापकावर गेली. ती नजर थंडोबांना शंभर शब्दांपेक्षा लागली. त्यांनी ठरवलं, उद्या मुलालाच सांगायचं. आपल्या हातात आता राम राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको स्वयंपाकघरातून आली आणि त्यांच्यापुढे मूठभर काडेपेटीच्या काड्या ठेवल्या.

"मोजा."

"कशाला?"

"मोजा म्हटलं ना."

सव्वीस भरल्या.

"सकाळपासून तुम्ही दार उघडलंत की दर वेळी मी एक काडी टाकली. आणि अजून जेवणं व्हायचीयत." मग तिने पलंगाजवळच्या हत्यारांच्या पेटीतून एक पिवळी चिठ्ठी काढली, मागचा कागद सोलला आणि फ्रिजच्या दारावर बरोबर मधोमध थापली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" एवढंच म्हणून ती आत गेली. उरलेलं अर्धं तिने त्यांच्यावर सोडलं.

थंडोबा आधी तापले. मग लाजले. मग एकटेच इतके हसले की ठिपकी काचेमागे दचकली. काटा ठीक आहे ना हे बघायला दार उघडायचं, ऊब पळायची, यंत्र घाबरून वायर तापवायचं, ऊब डोक्यावरून जायची, की हे पुन्हा बघायला हजर! चाळीस वर्षं परक्या बायाबापड्यांना ज्यासाठी झापलं, तेच स्वतः दिवसभर करत होते.

आणि एकदा व्याख्यान आठवलं म्हटल्यावर त्याचा दुसरा भागही आठवला. रिकामा फ्रिज काही धरून ठेवत नाही. हवा क्षणात तापते, क्षणात निवते. पाण्याला मात्र तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. लाइट गेली तर भरलेलाच फ्रिज टिकतो, हे ते सगळ्यांना सांगत आले होते. आणि यांच्या फ्रिजमध्ये होता काय, तर एक डबा!

संध्याकाळपर्यंत घरातल्या, शेजारच्या, दवाखान्यातल्या मिळून अडतीस बाटल्या पाण्याने भरून, कोमट करून आत मांडल्या. तापमापकाच्या जागी वायरवाला आणला. टोक आत डब्याशी, आकडे बाहेर. दाराच्या कडीला बायकोने जुन्या परकराची नाडी बांधली. तिने मारलेली गाठ आजवर घरात दुसऱ्या कुणाला सुटलेली नाही.

सकाळी अठ्ठावीस. दुपारी अठ्ठावीस. चार दिवसांनी, अठ्ठावीस. आठवड्यातून एकदा बायको गाठ सोडे, मुलगी मिनिटभर झाकण उघडून हवा बदले, पुन्हा गाठ. थंडोबांना आकडे बघायची मोकळीक होती. तेवढ्यावर त्यांनी भागवलं, पण फार जिवावर येऊन.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी अकराला रस्ता खणणाऱ्यांनी केबल तोडली. बाहेर बोचरा वारा, घरात लाइट नाही. मुलीचा दवाखान्यातून फोन आला. "बाबा, गरम पाण्याच्या पिशव्या करा आणि आत ठेवा! लगेच!"

थंडोबांचा हात गाठीपर्यंत गेलाच होता. चिठ्ठी समोर होती. त्यांनी हात मागे घेतला.

"उघडणार नाही."

"बाबा, मरतील ती!"

"उघडलं तर मरतील. तू काम मला दिलंयस ना? मग मला करू दे."

थंडोबांनी फोन ठेवला. चुकलो तर ही पोर पुन्हा कधी काही मागणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी घरातल्या सगळ्या गोधड्या काढून फ्रिजला गुंडाळल्या, आणि आकड्यांसमोर खुर्ची टाकली. बायको जेवणाचं ताट तिथेच घेऊन आली आणि शेजारी बसली, पालीच्या अंड्यांपासून हातभर अंतरावर. सत्तावीस पूर्णांक आठ. दोन वाजता सत्तावीस पूर्णांक चार. चार वाजता सत्तावीस. तेवढ्यात दिवे लागले.

मुलगी धापा टाकत घरात शिरली ती थेट आकड्यांकडे. "पाच तासांत एक अंश?"

"एकच," थंडोबा म्हणाले. तिने बाबांच्या गळ्यात हात टाकले आणि ढसाढसा रडली. थंडोबा म्हणाले, "गोधडीवर रडू नकोस, ओली होईल."

सत्तावन्नाव्या दिवशी हवा बदलायची पाळी होती. बायकोने गाठ सोडली, मुलीने झाकण उचललं आणि ओरडली. एका अंड्याला चीर पडली होती आणि चिरेतून चिमुकलं नाक बाहेर आलं होतं. जेवायच्या आत अख्खं पिल्लू बाहेर आलं, अंगावर पिवळेकाळे पट्टे, शेपटीच्या टोकाला पांढरं. तिन्हीसांजेपूर्वी दुसरंही. दोन्ही! धडधाकट, आणि लगेच एकमेकांवर चढायला लागली. चार हात लांब राहणारी बायको आता डब्यात डोकं घालून होती.

"अगं बाई, नाकाचा शेंडा बघ," ती म्हणाली, "अगदी ह्यांच्यावर गेलंय."

दुकान बंद करून मुलगा आला. पिल्लं पाहून झाल्यावर तो फ्रिजसमोर उकिडवा बसला. बाटल्या पाहिल्या, वायर पाहिली, रबरावरून बोट फिरवलं. "बाटल्या ठेवल्यापासून, लाइट गेली तो दिवस सोडून, किती हललं?"

"पाव अंश."

मुलाने दार हलकेच लावून घेतलं. मग फ्रिजकडे बघतच म्हणाला, "औषधाच्या दुकानातला फ्रिज तापमान धरत नाहीये. मी तीनदा उघडून बघितला. उद्या याल का माझ्याबरोबर?"

थंडोबांना त्या क्षणी उडी मारावीशी वाटली. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "उघडून बघितलास तिथेच चुकलास," ते म्हणाले. "बघू. सकाळी नऊला तयार राहा." बायकोने तोवर हत्यारांची पेटी पुसून दारापाशी ठेवली होती.

मग पिल्लांचा डबा बाहेर काढायला त्यांनी पुन्हा फ्रिजकडे हात नेला. बायकोने तो हात झटकला आणि पिवळ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"विनाकारण उघडू नये, असं लिहिलंय," थंडोबा म्हणाले. "आज कारण आहे." आणि त्यांनी दार सताड उघडलं.