सत्यवानाचा नारळ

जेरीच्या पिकअपचा आवाज फक्त वळणावर यायचा. सरळ रस्त्याला गाडी अगदी मुकाट, पण कट्ट्याच्या तिठ्यावर वळली की मागच्या चाकांमधून कर्रर्र-खट! बाजारातली माणसं माना वळवून बघायची. कुवेतात उमेदीची वर्षं गाड्यांखाली घालवलेल्या माणसाची गाडी अशी कण्हत फिरते, ही काय शोभा?

जेरीने निदान बसल्या जागी केलं. या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या गियरच्या डब्यात, खास प्लेटा असतात. एक चाक चिखलात गरगरायला लागलं की त्या दुसऱ्यालाही ओढ देतात. त्या प्लेटा जळल्या असणार. आणि जळल्या कशाने? पुळणीवरच्या वाळूत होड्या ओढून! म्हणजे ड्रायव्हर सत्यवान काजू पोचवून येताना किनाऱ्यावर लोकांच्या होड्या ओढतो. झालं, खटला संपला.

"मी गाडी वाळूत घालूक नाय, जेरीबाब," सत्यवान म्हणाला.

"मगे तुज्या रवळनाथाक नारळ ठेवून सांग!"

तेही भर तिठ्यावर, चार माणसांत. जेरीचं डोकं असंच, आधी तापतं आणि मग चालतं. त्याच्या तोंडून गेला तो रागातला शब्द. पण या गावात देवाला असा मध्ये घातला की तो परत बाजूला काढता येत नाही, आणि ख्रिस्ती असूनही इथेच वाढलेल्या जेरीला हे पक्कं ठाऊक होतं.

सत्यवान भांडला नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, उपाशीपोटी त्याने देवळात नारळ ठेवला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, खोटो कोण तो तूच बघ म्हणून. मग गाडीची चावी जेरीच्या पायरीवर ठेवून तो घरी निघून गेला. त्यानंतर त्याला कोणी गाडीवर घेईना. दुसऱ्याच्या गाडीची वाट लावणारा, असं नाव झालं त्याचं.

गाडी काही बरी होईना. शेवटी जेरीने बायकोच्या भावाला, अ‍ॅलनला बोलावलं. हा मेकॅनिक, आणि तोंडाचा फाटका. त्याने मैदानात गाडी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवली आणि खाली उतरला.

"बेअरिंग गेला असता तर सरळ रस्त्यार पण बोंबलला असता. थांब, डिफरन्शियलचा तेल बघूया."

त्याने तेल भांड्यात काढलं, दोन बोटांत चोळलं, हुंगलं. तेल स्वच्छ होतं. ना जळका वास, ना लोखंडाचा चुरा.

"प्लेटा मस्त आसत रे! पण ह्या साधा गियर ऑइल. ह्या प्लेटांका वेगळा लागता, नाय तर त्यो वळताना एकमेकांका धरतत आणि बोंबलतत. ह्या घालणारो गाढव कोण?"

जेरीची कानशिलं तापली. आवाज सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर गाडीखाली आडवं होऊन तेल त्यानेच बदललं होतं. कुवेतातून आलेल्या माणसाने कोणाला विचारायचं?

"मीच," तो म्हणाला. अ‍ॅलन हसायला लागला, पण जेरीचं तोंड बघून योग्य तेल आणायला निघाला.

योग्य तेल पडलं. गाडी पुन्हा आठ काढत फिरली आणि आवाज कमी कमी होत बंद झाला. जेरीला वाटलं, प्लेटा जळलेल्या निघाल्या असत्या तर फार बरं झालं असतं. एका सरळ माणसाला आपण उपाशी देवासमोर उभं केलं, आणि तेही स्वतःच्या मूर्खपणासाठी. त्याला स्वतःचीच किळस आली.

तो तसाच सत्यवानाकडे गेला. सत्यवान काजूखालचं गवत काढत होता.

"सत्या, चूक माजी. तेल मीच चुकीचा घातलंय. काय गाळी देवच्यो त्यो दी."

सत्यवानाने कोयता खाली ठेवला. "माका सांगून काय उपयोग? तुमी ज्येका मधी घातलात, त्येका सांगा."

जेरी नारळ घेऊन देवळात आला. भर दुपारी तिथे गुरव आणि मागोमाग येऊन खांबाशी उभा राहिलेला सत्यवान, एवढेच. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला हजर असतील त्यांनी होकार द्यायचा, ही रीत.

"बा देवा म्हाराजा," गुरवाने सुरू केलं, "ह्या जेरीन सत्यवानार खोटो आळ घेतल्यान..."

"व्हय म्हाराजा," जेरीच आधी म्हणाला.

"त्याका आपली चूक समाजली हा. त्याच्या पोराबाळांर राग धरू नको, त्यांका सुखी ठेव..."

"व्हय म्हाराजा!" हा सत्यवानाचा आवाज होता, खणखणीत. जेरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरवालाही हुरूप आला. त्याने पदरचं एक जोडून दिलं, "आणि सत्यवान उद्यापासून परत ह्येच्या गाडयेर जावंदे..."

जेरीने मागे वळून पाहिलं. सत्यवान हात जोडून उभा होता, तोंड मिटून. गुरवाने होकाराची वाट पाहिली आणि नारळ फोडला.