एका पायावरचा बगळा

वडील गेले तेव्हा थोरली एकोणीस वर्षांची होती आणि धाकटी अकरा. थोरलीनं कॉलेज सोडलं, वडिलांचा वेल्डिंगचा काळ्या काचेचा मुखवटा तोंडावर चढवला आणि त्यांच्या शेडमध्ये फाटकं, जिने, पाण्याच्या टाक्या बनवायला लागली. धाकटीला तिनं शिल्पकलेच्या शाळेत घातलं. सगळे थोरलीला ताई म्हणत. शेडमधला तिच्या दुप्पट वयाचा कारागीर नानासुद्धा.

बावीस वर्षांनी धाकटीला मोठं काम मिळालं. बसस्थानकासमोरच्या चौकात तीस फुटांचा स्टीलचा बगळा उभा करायचा होता, तोही एका पायावर. एवढी उंच शेड आणि एवढी पक्की माणसं दुसरीकडं नव्हती, म्हणून काम ताईकडंच आलं. ताईनं हो म्हटलं तेव्हा तिला मनापासून आनंद झाला होता. निदान पुढं ती स्वतःला तसं बजावत राहिली.

कुरबुर सुरू झाली ती वर्तमानपत्राच्या फोटोपासून. ताई बगळ्याच्या छातीचा पत्रा जोडत बसली होती. फोटोग्राफर नम्रपणे म्हणाला, "ताई, जरा बाजूला होता का? तुम्ही मध्ये येताय."

ताई मुखवटा वर करून बाजूला झाली. तिच्या जागी धाकटी उभी राहिली, हातात ताईचीच वेल्डिंगची पकड घेऊन. दुसऱ्या दिवशी आईनं तो फोटो कापून फ्रिजवर लावला.

"किती गोड दिसतेय गं," आई म्हणाली.

"पकड उलटी धरलीये," ताई म्हणाली.

"तुला मेलीला भलतंच दिसतं!"

अर्ध्या शहराची फाटकं ताईच्या हातची होती. पण फाटकाचा फोटो कोण कापून ठेवतं?

खरं दुखणं फोटोचं नव्हतं. एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना ताईनं भंगारातली एक पट्टी घेतली आणि बगळ्याची मान करून बघितली. वाकवली, ठोकली, पुन्हा वाकवली. तयार झाली ती हुबेहूब नळाची तोटी. तिनं ती गुपचूप भंगारात फेकली. संध्याकाळी धाकटीच्या पायाला ती लागली. तिनं उचलली, ऐरणीवर ठेवली, बोलता बोलता हातोडीचे तीन घाव घातले, आणि त्या पट्टीनं एकदम मान वळवून मागं बघितलं.

"नाना, बघा! भंगारातूनपण पाखरू निघतं," धाकटी हसत म्हणाली.

नाना वाहवा करत होता. ताईनं ग्राइंडर सुरू केला, म्हणजे काही ऐकू येणार नाही. तिला वाटलं, बावीस वर्षं मी लोखंडाशी बोलतेय आणि ते उत्तर हिला देतंय.

पुढच्या आठवड्यात धाकटीच्या मनात आलं की बगळ्याचा डावा पंख उघडा हवा. तिनं नवा नकाशा काढला. पंख झाला खरा देखणा. साखळीच्या पुलीवर तो उचलला आणि अंगाला लावून बघितला, तेव्हा सांगाडा एका बाजूला किंचित झुकला. दोन बोटंच. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, ताईच्या आलं. पायातल्या पाईपची जाडी इंजिनिअरनं ठरवली होती ती मिटलेल्या पंखांसाठी. हा उघडा पंख वादळात शिडासारखा वारा धरणार, आणि सगळा भार त्या एका पायावर येणार.

सांगायला तोंड उघडलं होतं तिनं. तेवढ्यात फोनवर कुणाशी तरी बोलणाऱ्या धाकटीचा आवाज आला, "छे, माझी काही मदतनीस वगैरे नाही, बहीण आहे ती. वेल्डिंग बघते."

वेल्डिंग बघते. ताईनं तोंड मिटलं.

पहिल्या दिवशी तिनं स्वतःला सांगितलं की उद्या बोलू. तिसऱ्या दिवशी म्हणाली, इंजिनिअरला कळेलच की. सहाव्या दिवशी मात्र तिनं स्वतःला काही सांगणंच सोडलं. ती रोज कामावर येई, नेटकं काम करी, आणि धाकटी पंखाकडं कौतुकानं बघत उभी राहिली की ताईच्या मनात एक थंडगार समाधान हलायचं. त्याची तिलाच शिसारी यायची, तरी ते जात नव्हतं.

नवव्या दिवशी पायाचे बोल्ट मोजायला ती चौकात गेली. तिथं गवंडी विटा रचत होता.

"हे काय?" तिनं विचारलं.

"बाकं हो ताई. गोल. पंखाची सावली पडेल ना इथं, बसची वाट बघत लोक बसतील." त्यानं थापी बाजूला ठेवली आणि अर्धवट बाकावर बसून दाखवलं, ऐटीत, पाय हलवत.

ताईनं बोल्ट मोजलेच नाहीत. ती तशीच शेडवर परतली. धाकटी पंखाची कड घासत होती.

"तो पाय कापायचाय," ताई म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. धाकटीचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला. तिनं ग्राइंडर खाली ठेवला.

"तुला आत्ता कळलं?"

हो म्हणणं किती सोपं होतं! "नऊ दिवस झाले," ताई म्हणाली.

"नऊ?"

"हो."

"का गं ताई?"

"तुझा हेवा वाटतो मला," ताई म्हणाली, एखाद्या गिऱ्हाइकाला माप सांगावं तशी. "तुझ्या हाताचा."

धाकटीनं शेडबाहेर जाऊन इंजिनिअरला फोन लावला.

पाय कापला गेला. जाड पाईप मागवला. उद्घाटन महिनाभर पुढं ढकललं. पालिकेचा अधिकारी चिडून शेडवर आला, तेव्हा धाकटी त्याला म्हणाली, "चूक माझी. पंख बदलला आणि हिशोब पुन्हा करून घेतला नाही." ताईचं नावही तिनं काढलं नाही. खरं तर ताईनं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण तिच्या मनात आलं ते वेगळंच: दोषसुद्धा हिनंच घेतला, आणि तोही किती शोभून दिसतोय हिला!

नव्या पायाचा जोड ताईनं एकटीनं केला. सलग तीन दिवस, थरावर थर, हात जराही न हलवता. तपासनीस यंत्र घेऊन आला, जोडावरून दोनदा फिरवलं आणि त्यानं विचारलं, "कुणी केलाय हा? एक बुडबुडा नाही आत." नानानं ताईकडं बोट दाखवलं. त्यानंतर त्या जोडावर बाहेरचा चकचकीत पत्रा चढला आणि जोड कायमचा आत गेला.

क्रेननं बगळा उभा केला त्या सकाळी धाकटी ताईजवळ आली. बऱ्याच दिवसांनी ती कामाव्यतिरिक्त काही बोलत होती.

"बगळ्याखालच्या पाटीवर तुझं नाव घालायचं मी पहिल्यापासून ठरवलं होतं," ती म्हणाली. "आता नाही घालत. ते नऊ दिवस मला अजून विसरता येत नाहीयेत."

"नको घालूस," ताई म्हणाली.

"पण पुढचं काम तुझ्याकडंच आणणार. तुझ्यासारखा जोड कुणाला येत नाही. आणि काही दिसलं तर त्याच दिवशी सांगायचं. हेवा वाटला तरी."

"सांगेन."

पुढं महिन्याभरानं ताई त्या चौकात बसची वाट बघत बाकावर बसली होती. शेजारची पिशवीवाली बाई मान वर करून बगळा न्याहाळत होती.

"काय डौल आहे बाई! कुणी केलाय हो?"

"माझ्या बहिणीनं," ताई म्हणाली. छातीत ती जुनी कळ उठली, अगदी नेमक्या जागी. मग ती म्हणाली, "पाय मी केलाय."

बाईनं पायाकडं नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. "तोच अवघड असणार," ती म्हणाली, आणि पिशवी सावरून बसकडं निघाली.