भूतकाळ मागच्या खोलीत

हॉटेलातल्या नोकरीसाठी प्लंबर मुलाखतीला गेला आणि त्याने आपला अनुभव इंग्रजीतून सांगितला. “पाइप बर्स्ट्स. वॉटर कम्स.” साहेबांनी पाय खुर्चीवर घेतले, कारकुनाने फायली छातीशी धरल्या, तळमजला रिकामा झाला. पाइप फुटला होता कुठल्या काळी, कुठल्या गावात; पण ते सांगायला प्लंबरजवळ भूतकाळच नव्हता.

“इंग्रजी शिका आणि पुन्हा या. आणखी एकदाच,” साहेब म्हणाले.

“जन्मभर नळ बंद केलेत, तोंड तेवढं बंद ठेवता आलं नाही,” बायको म्हणाली. दर महिन्याला पगार येणार, असं ती माहेरी सांगून बसली होती. तिनेच त्याला इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंच्या क्लासात नेऊन घातलं.

बाईंचं घर दोन खोल्यांचं आणि व्याकरणही तेवढंच. पुढची खोली वर्तमानकाळ, मागची भूतकाळ. जो काळ बोलायचा, त्या खोलीत जायचं. ‘गो’ पुढे म्हणायचं, मागे जाऊन ‘वेंट’. ‘कट’, ‘पुट’ अशी दोन्हीकडे सारखीच राहणारी क्रियापदं उंबरठ्यावर, एक पाय आत, एक बाहेर.

“आणि भविष्यकाळ, बाई?”

“तो गच्चीवर. जिना अजून व्हायचाय.”

प्लंबर मन लावून शिकला. इतका, की घरीही बायकोने “जेवलात का?” विचारलं की ताट सोडून मागच्या खोलीत जायचा आणि तिथून ओरडायचा, “जेवलो!”

“मग उचलू ताट?”

तो धावत पुढे यायचा. “थांब, जेवतोय!”

“देवा, हा माणूस एका खोलीत मावेना झालाय,” बायको म्हणायची.

मुलाखतीच्या दिवशी ती हॉटेलसमोर फुटपाथवर उभी राहिली. वर साहेबांनी विचारलं, आता काय करता? “आय रिपेअर टॅप्स,” प्लंबर बसल्या जागी म्हणाला. साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, पूर्वी काय करत होता?

प्लंबर उठला. खोलीला मागे एकच दार होतं, साहेबांच्या खाजगी बाथरूमचं. तो आत गेला. “आय वर्क्ड इन अ फॅक्टरी!” आतून घुमदार उत्तर आलं. साहेबांना हा आवाज बरा वाटला.

पण आत नळ ठिबकत होता. आत्ता, डोळ्यांदेखत. आणि ते इथे बोलायची सोय नव्हती. प्लंबर बाहेर आला, “टॅप लीक्स” म्हणाला, आत गेला, खिशातला पाना काढून वायसर बदलला आणि आतूनच म्हणाला, “टॅप लीक्ड!”

“नाऊ?” साहेबांनी खुर्चीतून विचारलं.

प्लंबर पुन्हा बाहेर. “नाऊ टॅप इज ड्राय.”

साहेब स्वतः आत जाऊन आले. त्या ठिबकण्याने त्यांची दुपारची झोप कित्येक महिने मोडली होती. ते प्रसन्न झाले. “व्हेन विल यू जॉइन?”

हा तर भविष्यकाळ! हे शिकवलंच नव्हतं. पण जागा माहीत होती. तो “एक्स्क्यूज मी” म्हणाला आणि जिन्याने पळत सुटला. साहेब मागे, कारकून त्यांच्या मागे.

बायकोने खालून पाहिलं, तर नवरा गच्चीच्या कठड्याशी. ती किंचाळली, “अहो, मागे व्हा! नोकरी गेली खड्ड्यात! माहेरी मी सांगते काय ते!”

प्लंबरने छाती भरून वारा घेतला. इथे उभं राहिल्यावर वाक्य आपोआप आलं.

“आय विल कम टुमारो!”

“गुड,” मागून धापा टाकत साहेब म्हणाले.

“उद्या कशाला? आत्ता खाली या!” बायको ओरडली.

पण खाली यायचं उत्तर वर्तमानकाळातलं होतं. ते द्यायला त्याला आधी खाली यावं लागलं.