हिरवळीवरची निंदणी

चुडामण रोज सकाळी हरळीला पाणी घालायचा, आणि ही गोष्ट त्यानं सासरी कुणालाच सांगितली नव्हती.

सांगणार तरी कोणत्या तोंडानं? रावेरकडचा केळी-कापसाचा मुलूख. तिथं हरळी म्हणजे शेताची वैरीण. मुळाची एक काशी मातीत राहिली की पुढच्या पावसात अख्खं वावर तिचं. माणसं उन्हाळाभर खणून खणून तिची मुळं बांधावर वाळत घालतात, वर शिव्या घालतात त्या वेगळ्याच. आणि हा पठ्ठ्या जळगावात पगार घेऊन तीच हरळी वाढवत होता!

झालं असं, की गोरे साहेब गेले आणि नशिराबादच्या रस्त्याला त्यांचं गोल्फचं मैदान मागे राहिलं. क्लब आता गावातल्या वकील-व्यापाऱ्यांचा. मैदानात सहा भोकं. काठीनं चेंडू मारत मारत त्या भोकांत घालायचा, एवढाच तो खेळ; मोठी शहाणी माणसं त्यापायी उन्हात का भटकतात, हे चुडामणला अजून उमगलं नव्हतं. पाच भोकांभोवती तेल मारून दाबलेली वाळू होती. सहाव्याभोवती मात्र खरीखुरी हिरवळ, आणि ती चुडामणनं वर्षभर खपून उभी केली होती. कांडी कांडी हातानं लावली, रूळ फिरवला, पोटच्या पोरासारखी जपली. त्याचा जोडीदार अमीनभाई तिथं बैलांकडून गवतकापणीचं यंत्र ओढवायचा, तेव्हा खुरांचे वण उठू नयेत म्हणून बैलांना चामड्याचे बूट घालायचा. धुळ्याच्या क्लबाकडे नुसती वाळू. त्यामुळे या एका तुकड्यावर जळगावकरांचा कोण तोरा! उद्या धुळेकर सामना खेळायला येणार होते.

आणि नेमके आजच सासरे यायचे होते.

लग्न वैशाखात झालं. सुगंधा माहेरी गेली ती गेलीच. गिरधर आबा तिला पाठवायला तयार नव्हते. "जावई मनतात, साहेबाच्या बागेत मुकादम हाये, ती बाग एकदा डोयानं पाहू द्या, मंग लेक पाठोतो," असा त्यांचा निरोप. आता आली का पंचाईत! चुडामणनं बेत आखला: आबांना स्टेशनावरच गाठायचं, क्लबाच्या दारातले गुलाब दाखवायचे, भरीत-भाकरी खाऊ घालायची आणि परतीच्या गाडीत बसवून द्यायचं. गुलाब पाहून आबा खूश, आणि सुगंधा घरी. रिकाम्या खोलीत एकट्यानं चूल फुंकायचा त्याला अगदी वीट आला होता.

पण आबा आगगाडीनं आलेच नाहीत. केळीच्या ट्रकातून आले आणि थेट मैदानापाशी उतरले. इकडे चुडामण फलाटावर एकेक पागोटं निरखत बसला होता. अमीनभाई बैलांचे बूट शिवून आणायला मोच्याकडे गेला होता. मैदानात चिटपाखरू नव्हतं.

चुडामण हात हलवत परत आला, तर सहाव्या भोकाजवळ धोतर खोचून कुणीतरी उकिडवं बसलेलं. खुरपं झपाझप चाललेलं. हिरवळीचा अर्धा तुकडा साफ उघडा पडला होता, खाली काळी माती दिसत होती. कडेला हरळीचा हा एवढा ढीग.

"या जावईबापू!" आबांनी घाम पुसला. "अहो, किती माजू दिली हरळी! बठ्ठी बाग खाल्ली तिनं. मालकानं पाह्यलं असतं तर आजच घरी बसोलं असतं तुमाले. माह्या लेकीच्या संसाराचा प्रश्न हाये, मनलं आपणच हात लावू. पाहा, एक काशी तुटू दिली नाई, मुळासकट काढली!"

चुडामण मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा ढसाढसा रडायला लागला.

"आबा, ही बागच हरळीची आहे हो! मी हरळीच पिकवतो!"

आबा खुरपं हातात धरून उठले. मग जे भडकले!

"हरळी पिकोता? माणसाच्या हातानं? माह्या बापानं ती काढता काढता कंबर मोडून घेतली, अन् माहा जावई लावतो? गावात काय तोंड दाखवू मी? नाई पाठोत पोरीले, जा!"

तेवढ्यात क्लबाचे सेक्रेटरी रतिलालशेठ सायकलवरून उतरले. उघडी माती पाहून त्यांची टोपीच तिरपी झाली.

"अरे देवा! चुडामण, हे कुणी केलं?"

चुडामणनं आबांकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरला होता. आपण काय करून बसलो हे त्यांना आता कुठं कळत होतं. खरं सांगितलं तर नोकरी वाचेल. पण सासऱ्याला परक्या माणसासमोर मान खाली घालायला लावायची? छे!

"मीच केलं, शेठ. मुळं बघत होतो."

"सामन्याच्या आदल्या दिवशी? डोकं फिरलं का तुझं? उद्यापासून येऊ नकोस!"

"थांबा शेठ," आबा मधे आले आणि मातीनं भरलेले दोन्ही हात त्यांनी पुढे केले. "हे हात पाहा. मी उपटली, मीच लावतो. हा पोरगा खोटं बोलू राह्यला."

शेठनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "लावा बाबांनो, लावा! पण उद्या धुळेकर हसले, तर दोघांनाही याच भोकात पुरीन."

मग काय, सासरा आणि जावई दिवस मावळेपर्यंत मातीत रांगत होते. आबांच्या तोंडात हरळीला शिव्या आणि हातांत तिच्याच काशा. "बा, माफ कर रे मले," असं मधूनच आभाळाकडे बघून म्हणत. अमीनभाईनं नव्या बुटातले बैल जुंपून रूळ फिरवला, हसू दाबत.

सकाळी हिरवळ ठिगळांच्या गोधडीसारखी दिसत होती. धुळ्याचे एक जाडजूड वकील बूट आपटत तिच्यावर चढले, तसे आबा ओरडत धावले, "ओ दादा! पिकातून चालता का? बांधानं या!" वकील दचकून खाली उतरले. सामना जळगाव हरलं ते हरलंच. पण धुळेकरांनी वाकून वाकून त्या हरळीवर हात फिरवला. वाळूपेक्षा ठिगळं बरी, असं म्हणाले, आणि शेठचा राग तिथंच विरघळला. कामावर ये म्हणाले.

आबा ट्रकसाठी रस्त्यावर उभे राहिले. चुडामण शेजारी. विचारायचं धाडस होईना.

"सोमवारी सुगंधाले आणून सोडतो," आबाच म्हणाले.

"आणि गावात हरळीचं काय सांगाल?"

"खरं सांगीन. हसतील ते हसतील." ट्रक थांबला. आबा वर चढले आणि केळीच्या घडांवर हात टेकून खाली वाकले. "हरळीसाठी रडणारा माणूस मी जलमात पाह्यला नवता, बापू. अन् इतकं रडूनबी तुमी माहं नाव घेतलं नाई. माही लेक तुमच्याकडं सुखात राहीन."

चुडामणला पाया पडायचं होतं, पण ट्रक सुटला होता.