दुसरी रेकॉर्ड आणि निळ्या फुलांचं भांडं

पहिली रेकॉर्ड कुणीही करतो. तिच्यासाठी कळायला लागल्यापासूनची गाणी साठलेली असतात. दुसरीला कंपनी चार महिने देते, आणि त्यातले तीन तुम्ही पहिलीचीच गाणी वाजवत गावोगाव भटकण्यात घालवलेले असतात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पंचाहत्तर सालच्या जुलैत, आमच्या ‘कॅटल गॅप’ बँडची दुसरी रेकॉर्ड चालू असताना, हे मी ड्रमच्या मागे बसून रोज म्हणत होतो. ड्रमवाल्याचं ऐकतं कोण?

स्टुडिओ म्हणजे पर्व्हिस नावाच्या माणसाने गुरांच्या पेंडीच्या जुन्या दुकानात मांडलेला संसार. वर टिनचं छप्पर, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे. खिडकीतला एसी ट्रॅक्टरसारखा आवाज करायचा, म्हणून टेप सुरू झाली की पर्व्हिस तो बंद करायचा. अलाबामातला जुलै, आणि एसी बंद. माझ्या हातातून काठ्या घामाने निसटायच्या आणि दोष मलाच मिळायचा.

आमचे दोन गिटारवाले, रॉइस आणि लमार टिडमोर, हे सख्खे भाऊ. लमार गातोही. त्यांची बहीण नेल्डा माझी बायको. त्यामुळे बँडमधून सुटायचं तर आधी लग्नातून सुटायला हवं, आणि नेल्डा काही तशी सोडणारी नाही. दोन गिटारी एकच चाल वरच्या आणि खालच्या सुरात एकदम वाजवतात, हीच आमची ओळख. एका गिटारीचे बँड आमच्याकडे पैशाला पासरी मिळतात. आणि नेमके हे दोघे त्या जुलैत एकमेकांशी बोलत नव्हते.

नऊ गाणी झाली होती. त्यातली चार ट्रकवर होती, आणि त्या चारांतली दोन एकाच ट्रकवर होती असा मला दाट संशय आहे. दहावं लमारने लिहिलेलं. ते एकच चांगलं होतं, आणि भांडण त्याचंच होतं.

ते त्यांच्या बापाचं गाणं. बाप शेवटची तीन वर्षं ऐंशी मैलांवर चॅटनूगाला ओतकामाच्या कारखान्यात होता, भाड्याच्या खोलीत राहायचा, तिथेच छातीत कळ येऊन गेला, असं सगळ्या गावाला माहीत होतं. तेव्हा रॉइस व्हिएतनाममध्ये. अठरा वर्षांचा लमार काकाबरोबर मयत आणायला गेला, तर खोली कुठली आणि काय! बाप आर्डिथ प्रूइट नावाच्या बाईच्या घरात संसार करत होता. दाराशी त्याचे बूट होते, घासूनपुसून चकचकीत केलेले. लमारच्या तेवढंच लक्षात राहिलं. आमच्या घरी या माणसाचे बूट कुणी कधी पुसले नाहीत, असं तो गाण्यात म्हणतो. ध्रुवपदात त्या बाईचं नाव आहे, आडनावासकट.

रॉइस युद्धावरून परत आल्यावर दोघा भावांनी ठरवलं होतं, मम्माला हे कधीच कळू द्यायचं नाही. नऊ वर्षं दोघांनी ते पाळलं. आणि आता एक जण ते रेडिओवर गाणार होता.

“होइट,” रॉइस मला म्हणाला, “माझ्या भावाला सांग, ते नाव काढलं तरच मी वाजवीन.”

लमार चार फुटांवर तारा लावत बसला होता.

“त्याने ऐकलं,” मी म्हणालो.

“तरी सांग.”

“लमार, रॉइस म्हणतो नाव काढ.”

“त्याला सांग, नाव काढलं तर ते कुणाही बाईचं गाणं होईल. ट्रकच्या गाण्यासारखं.”

“रॉइस, तो म्हणतो…”

“ऐकलं मी.”

“मग मला कशाला मध्ये घेता रे? मी काय टेलिफोनची तार आहे?”

“त्याला हेही सांग,” रॉइस म्हणाला, “की मम्मा पार्लरमध्ये केस वाळवत बसली असेल, शेजारी अख्ख्या चर्चच्या बायका असतील, आणि रेडिओवर हे लागेल. मग घरी कुठल्या तोंडाने जाईल ती?”

 लमारने तार इतकी पिळली की ती तुटली. दोघांचंही म्हणणं मला पटत होतं, आणि हा तर त्याहून मोठा वैताग. एक जण तरी चुकत असता तर त्याच्यावर ओरडता आलं असतं.

लॉस एंजेलिसहून कंपनीच्या माणसाचा एक दिवसाआड फोन यायचा. पंधरा ऑगस्टपर्यंत टेप हातात नाही पडली तर करार संपला. लमारच्या गाण्याशिवाय टेप पाठवली तर करार असाही संपणार होता, कारण ती नऊ गाणी मी स्वतःसुद्धा दुसऱ्यांदा ऐकली नसती. करार संपला की मी पुन्हा मोज्यांच्या गिरणीत. तिथली सात वर्षं मला पुरेशी झाली होती.

त्यात भांड्यांचा ताप वेगळाच.

आमच्याकडे कुणाच्या घरी मयत झालं, मूल झालं, किंवा कुणाचा पाय मोडला, की बायका भांडी भरभरून जेवण धाडतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. खाऊन झालं की भांडं ज्याचं त्याला परत करायचं, आणि रिकामं करायचं नाही. चार टोमॅटो घाला, मक्याच्या पावाचा तुकडा घाला, पण काहीतरी घाला. दुसरी रेकॉर्ड म्हणजे मयत, बाळंतपण की मोडलेला पाय, कोण जाणे, पण चर्चमधल्या बायकांनी आम्हाला जेवण धाडायला सुरुवात केली होती. पुढाकार माझ्या सासूचा, मिस व्हर्डींचा; आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मिसच म्हणतात. रोज बारा वाजता त्या स्वतः यायच्या. त्यांची गाडी दिसली की पर्व्हिस टेप थांबवायचा, लमार गाण्याचा कागद खिशात कोंबायचा, आणि दोघे भाऊ गोड हसत उभे राहायचे. खाणारे सगळे, आणि भांडी घासून घरोघर पोचवणारा मी एकटा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

त्या शुक्रवारी मिस व्हर्डींनी केळ्यांचं पुडिंग आणलं. पांढरं, जाड काचेचं, कडेला निळी फुलं असलेलं खोलगट भांडं. याआधी मी ते पाहिलं नव्हतं. पुडिंग पाच मिनिटांत संपलं. मी मागच्या नळावर भांडं उपडं केलं आणि बुडावरची पट्टी वाचली. जुनी, पिवळी पडलेली पट्टी, शाई फिकटलेली, पण नाव स्वच्छ होतं.

आर्डिथ प्रूइट, चॅटनूगा.

मी नळ बंद केला. आतून रॉइसचा आवाज येत होता, “होइट, त्याला सांग…” त्या दिवशी पहिल्यांदाच मी काही सांगायला गेलो नाही. भांडं पुसलं, नेल्डाच्या परसातले सहा टोमॅटो त्यात घातले आणि सरळ सासूच्या घरी गेलो.

मिस व्हर्डी ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. मी भांडं त्यांच्या शेजारी ठेवलं.

“आजचं आजच?” त्या म्हणाल्या. “बरा आहेस ना?”

“मिस व्हर्डी, या भांड्याखाली…”

“मला वाचता येतं, होइट.”

त्यांनी दोन शेंगा सोलल्या. मी उभाच होतो.

“बस. टोमॅटोवर सावली पडतेय तुझी.” मी बसलो. “तुझ्या सासऱ्याच्या मयताला चाळीस भांडी आली होती. एकोणचाळीस पुढच्या दारातून आली. हे मागच्या पायरीवर होतं, सकाळी सकाळी. भाड्याच्या खोलीची मालकीण कुणाच्या मयताला ऐंशी मैल जेवण घेऊन येत नाही. आत कोंबडी होती, खाली मक्याच्या पावाचं सारण. चांगलं झालं होतं. त्याचाच मला जास्त राग आला.”

“मुलांना सांगितलं नाहीत कधी?”

“ते दोघं इतकं सांभाळून खोटं बोलत होते, मला त्यांचा हिरमोड करवेना.” त्यांनी सालं झटकली. “एकोणचाळीस परत केली मी महिन्याभरात. हे राहिलं. रिकामं परत करायचं नसतं, आणि यात काय घालावं ते नऊ वर्षांत मला सुचलं नाही.”

 त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं. पाणी माझ्याच डोळ्यांत आलं, आणि मी ते घाम म्हणून पुसलं.

“मग आजच का काढलंत?”

“बाकीची सगळी तुझ्या नळाखाली पडलीत म्हणून,” त्या म्हणाल्या. मग एक टोमॅटो चाचपत, “आणि तुम्ही तिथे जे चालवलंय ते दोन आठवडे रस्त्यावरून ऐकतेय मी. लमार गातो, आणि मग जिथे दोन गिटारी यायला हव्यात तिथे एकच येते. रॉइसला झालंय काय?”

“तुमच्यासाठीच वाजवत नाही तो.”

“मी सांगितलं होतं त्याला?” मिस व्हर्डींचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. “एक मला सांभाळतोय, दुसरा माझं गाणं करतोय. मला विचारलं कुणी?”

दुसऱ्या दिवशी त्या सकाळी नऊलाच आल्या, हातात जेवण नव्हतं. एका उपड्या खोक्यावर बसल्या, पर्स मांडीवर, हातात अंत्यविधीवाल्याच्या जाहिरातीचा पुठ्ठ्याचा पंखा. लमारने सवयीने कागद खिशात घातला.

“काढ तो,” त्या म्हणाल्या. “रॉइस, गिटार घे.”

“मम्मा, तुला माहीत नाही त्यात काय…”

“तुझ्या बापाचे बूट आहेत. टिनचं छप्पर आहे इथे, बाळा. टपालवाल्यालासुद्धा पाठ झालंय.”

दोघा भावांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, जसं काही मीच चुगली केली. दोन आठवड्यांत त्यांनी एकत्र केलेली ही पहिली गोष्ट.

“आधी एकदा गाऊन दाखव,” त्या लमारला म्हणाल्या.

लमार साध्या गिटारीवर, मान खाली घालून गायला. त्या पंखा हलवत ऐकत होत्या. बुटांची ओळ आली तेव्हा पंखा थांबला.

“हे चूक आहे,” गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या. “बूट मीही पुसायचे. रोज. तुम्ही उठायच्या आधी. नाव राहू दे त्या बाईचं, ते खरं आहे. पण हेही खरं लिही.”

पर्व्हिस उगाच एका बटणाशी चाळा करत राहिला. लमार बाहेर जाऊन पेंडीच्या पोत्यावर बसला आणि अर्ध्या तासाने आत आला. नवी ओळ मी इथे सांगत नाही, रेकॉर्डवर आहे. सांगायचं एवढंच, की तिच्यानंतर जिथे दोन गिटारी यायला हव्यात तिथे दोन आल्या, आणि रॉइस वाजवताना भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिसऱ्या खेपेला टेप झाली. मिस व्हर्डी म्हणाल्या, “आवाज फार मोठा आहे,” आणि घरी गेल्या.

आता कुणालाही वाटेल, भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. छे. “होइट, त्याला सांग, दुसऱ्या कडव्यात घाई करतो,” हे त्याच दिवशी दुपारी. ऑगस्ट गेला, टेप वेळेत पोचली, रेकॉर्ड आली, गाणं रेडिओवर लागलं, आणि मी आपला निरोप्याच. रॉइसचं म्हणणं, लमारने आधी विचारायला हवं होतं. लमारचं म्हणणं, विचारलं असतं तर रॉइस नाही म्हणाला असता. पार्लरमधल्या बायकांनी मिस व्हर्डींना काही विचारलं का, मला माहीत नाही. त्यांना काही विचारायची छाती असलेली बाई आमच्या गावात नाही.

नोव्हेंबरात आमचा चॅटनूगाला कार्यक्रम होता. निघताना मिस व्हर्डींनी ते निळ्या फुलांचं भांडं गाडीत आणून दिलं. वरून चांदीचा कागद घट्ट लावलेला, भांडं अजून गरम.

“कोंबडी आहे,” त्या म्हणाल्या. “खाली सारण. दोघांनी जाऊन द्यायचं. होइटला पाठवायचं नाही.”

“रेकॉर्डही देऊ का तिला?” लमारने विचारलं.

“गाणं तुमचं आहे, तुम्ही बघा. भांडं माझं आहे.”

ऐंशी मैल ते भांडं दोघांच्या मध्ये सीटवर होतं. एकाने हात ठेवला की दुसरा ठेवायचा. कुणाच्या मांडीवर द्यायचं यावरून माझ्यामार्फत तीन निरोप झाले. चौथ्याला मी सांगितलं की आता गाडी नदीत घालतो.

दुपारचे तीन वाजले होते. छोटं पांढरं घर, पुढे पाच पायऱ्या. मी फाटकापाशीच थांबलो. भांड्याचा एक कान रॉइसच्या हातात, दुसरा लमारच्या. कुणीच सोडेना, म्हणून दोघे तसेच आडवे होऊन खेकड्यासारखे पायऱ्या चढू लागले. तिसऱ्या पायरीवर भांडं कललं.

“लमार, नीट धर,” रॉइस म्हणाला. “सांडेल.”

“धरलंय,” लमार म्हणाला.

चार महिन्यांत माझ्यामार्फत न आलेलं ते पहिलं वाक्य होतं.

दार कुणी वाजवायचं ते दोघांचं ठरेना. पण तिने खिडकीतून पाहिलं असावं. दार उघडलं. पांढऱ्या केसांची बुटकी बाई, अंगावर स्वयंपाकाचा एप्रन. तिने त्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली भांड्याकडे, कडेच्या निळ्या फुलांकडे, आणि तिचा हात दाराच्या चौकटीवर गेला. रॉइस तिला पहिल्यांदाच पाहत होता. त्याने मोकळ्या हाताने डोक्यावरची टोपी काढली.

“आमच्या मम्माने तुमचं भांडं पाठवलंय,” तो म्हणाला. “उशीर झाला. पण रिकामं नाहीये.”